जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागलाय? सिमेंट लावू नका

नागपूरच्या महाल, इतवारी भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती वीट आणि चुन्याच्या. अशी भिंत ओल शोषते, तशीच बाहेरही सोडते. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की ती वाट बंद होते. मग पाणी विटेतून वर चढतं, सोबत आणलेले क्षार आतच साठतात आणि विटेची पापुद्री सुटू लागते. भिंतीवर फुटणारा हा पांढरा क्षार म्हणजेच लोणा. आपल्याकडे तो मुख्यतः जमिनीतून येतो.

गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. रस्त्यावर थर चढत गेल्याने जोतं बहुधा जमिनीत गेलेलं असतं. भिंतीलगतची माती आणि फरशी उतरवून पाण्याला उतार द्या. पन्हाळ तपासा. आणि कुलर! खिडकीतला कुलर उन्हाळाभर ठिबकतो आणि खालची भिंत मुरवून ठेवतो, तरी दोष पावसालाच दिला जातो.

वाडा हेरिटेज यादीत असेल तर काम सुरू करण्याआधी महापालिकेकडून परवानगीची चौकशी करा.

सिमेंट छिन्नी-हातोडीने हळूहळू काढा. ब्रेकरने वीट फुटते. भिंतीवर टिचकी मारून पाहा. पोकळ वाजलेला भाग सुटलेला समजा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरा आणि बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर तोच क्षार विरघळून पुन्हा आत जाईल. नंतर भिंत काही आठवडे उघडी ठेवून वाळू द्या.

चुना विरवताना कळी (न विरवलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात सोडा, कळीवर पाणी ओतू नका. पाणी उसळतं, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे हवेतच. विरलेल्या चुन्याचा लगदा निदान 15 दिवस पाण्याखाली मुरू द्या, जमल्यास तीन महिने. न विरलेला खडा गिलाव्यात राहिला तर नंतर फुगून तिथला तुकडा उडवतो.

मसाल्याला 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), 2 भाग धुतलेली चाळलेली वाळू. पाणी जेमतेम, मळणी भरपूर. भिंत ओली करून 10 ते 12 मिलिमीटरचा थर द्या; जाड थराला भेगा पडतात. दुसरा थर आठ-दहा दिवसांनी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. मेच्या उन्हात तो आधीच वाळतो. मग हात फिरवला की पावडर निघते. थंडीतही ओली पोती टांगून 10-14 दिवस फवारा मारा, धार नको.

रंग चुन्याचाच. डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट लावला तर सगळं पुन्हा कोंडेल. पहिल्या पावसाळ्यानंतर तळाशी थोडं पांढरं दिसलं तर कोरडंच झाडा. आत उरलेले क्षार निघताहेत.