वर्षाच्या आतला फोन बदलायचा का? पैसे मोजण्याआधी घरी करायच्या चाचण्या

गणेशचतुर्थी, म्हणजे आमची चवथ, जवळ आली की गोव्यात पणजी, म्हापसा, मडगावच्या मोबाईलच्या दुकानांवर एक्स्चेंजचे फलक लागतात आणि आठ-दहा महिन्यांपूर्वी घेतलेला फोन एकाएकी जुना वाटू लागतो. 'रेंज येत नाही', 'चार्ज टिकत नाही', 'हँग होतो' या तीन तक्रारींपैकी एखादी तोंडावर असतेच. नवीन फोन घेऊन सर्वांत कमी सुटते ती रेंजची तक्रार, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रेंज: फोनची की घराची?

चिऱ्यांच्या जाड भिंतींचं घर असेल, किंवा सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यावर राहत असाल, तर पडवीत चार काड्या आणि आतल्या खोलीत एक, हे नेहमीचंच. भारतात ५जीसाठी मुख्यतः वापरला जाणारा एन७८ हा लहरींचा पट्टा (बँड) ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा आहे. एवढ्या वरच्या लहरी भिंतीतून नीट आत शिरत नाहीत. ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ शिरतो, पण २०२२च्या लिलावात तो एकट्या जिओने घेतला. त्यामुळे जिओचं सिम असेल आणि फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये एन२८ नसेल, तर घरातल्या ५जीसाठी फोन बदलायला खरं कारण आहे. एअरटेलच्या सिमला हा पट्टा फोनात असला काय आणि नसला काय, सारखंच.

चाचणी अशी करा. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंग्ज, अबाउट फोन, स्टेटस, सिम स्टेटस या वाटेने गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थचा आकडा दिसतो. तो डीबीएम या सिग्नल मोजायच्या एककात आणि उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका बरा. ४जीवर उणे ९०च्या अलीकडे असेल तर चांगला, उणे ११०च्या पलीकडे गेला तर बिकट. आता तेच सिम घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनात घाला आणि त्याच जागी उभं राहून आकडा बघा. पाच-सहाचा फरक हातातला फोन नुसता फिरवला तरी पडतो, त्याला अर्थ नाही. चार वेगवेगळ्या जागी तुमचाच फोन पंधरा-वीसने मागे पडत असेल तर अँटेनात दोष आहे; वॉरंटी असताना सर्व्हिस सेंटरला दाखवा. दोन्ही फोन सारखेच रखडत असतील तर तिसराही रखडणार. घरी फायबर असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. आतल्या खोलीतले कॉल सुधारतात आणि खर्च शून्य.

बॅटरी: एका रात्रीची परीक्षा

टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो आणि बॅटरी त्यातच जाते. म्हणून बॅटरीला दोष देण्याआधी दोन रात्री मोजमाप करा. पहिल्या रात्री फोन १०० टक्के भरून विमान मोडवर ठेवा, सकाळी किती उतरला ते लिहा. दुसऱ्या रात्री तसंच, पण सिम चालू ठेवून. विमान मोडवर सात-आठ तासांत दोन-तीन टक्के उतरणं ठीक. पहिल्या रात्री तीन आणि दुसऱ्या रात्री पंधरा टक्के गेले, तर बॅटरी धडधाकट आहे, कमकुवत सिग्नल ती खातो आहे किंवा एखादं अ‍ॅप रात्रभर नेट ओढतं आहे. अ‍ॅपचा संशय असेल तर बॅटरी युसेजच्या यादीत नाव सापडेल. दोन्ही रात्री पंधरा गेले तर बॅटरी किंवा बोर्ड तपासायला हवा.

आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा थेट दिसतो. आयफोन १४पर्यंतच्या मॉडेलांची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे. आयफोन १५पासून हाच हिशेब १००० चार्जचा झाला. वर्षाच्या आत आकडा ८०च्या खाली गेला तर वॉरंटीत बॅटरी बदलून मागता येते. त्यासाठी नवा फोन कशाला?

खारी हवा, पाऊस, वाळू

चार्जिंग बंद-चालू होत असेल तर फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये बघा. खिशातली रोवं आणि किनाऱ्यावरची वाळू मिळून तळाशी घट्ट थर बसतो, केबल पूर्ण आत जात नाही, किंचित बाहेर राहते. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरून काढा. सुई किंवा पिन घातली तर मधल्या पट्टीवरच्या पिना वाकतात आणि मग खर्च खरोखरच येतो.

जून ते सप्टेंबर ओलाव्याचा इशारा वारंवार येतो. पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्याखाली ठेवा, पूर्ण सुकायला एक दिवस लागू शकतो. तांदळाच्या डब्यात पुरू नका. पीठ आणि कण आत जातात, आणि अ‍ॅपलनेही तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. पोर्ट कोरडं होऊनही सॅमसंगच्या फोनात थेंबाचं चिन्ह जात नसेल, तर अ‍ॅप्सच्या यादीत सिस्टीम अ‍ॅप्स दाखवून यूएसबी सेटिंग्जचा कॅशे आणि डेटा पुसा, फोन रीस्टार्ट करा.

आणि डब्यावरच्या आयपी६८ या पाणी-धूळ रोखण्याच्या मानांकनाच्या भरवशावर समुद्रात जाऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, रबरी सील काळाने ढिलं पडतं, आणि पाणी शिरल्याचं नुकसान कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. अनेक फोनांत सिमच्या खाचेत पाणी लागलं की रंग बदलणारी एक पांढरी पट्टी असते. ती गुलाबी-लाल झाली असेल तर सर्व्हिस सेंटरवाला पहिली तीच बघेल, आणि एक्स्चेंजवालाही.

कॅमेरा बिघडला म्हणून बदलताय? आधी लेन्सवर चिकटवलेली जादा काच काढून फोटो घ्या. तिच्याखाली दमट हवेची पुटं चढतात आणि रात्रीचे दिवे पसरलेले दिसतात. काच काढूनही चित्र थरथरतं, बारीक गुंजन ऐकू येतं, तर स्कूटरच्या हँडलवर फोन लावायची सवय आठवा. इंजिनाच्या कंपनाने लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, हे अ‍ॅपलने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. नवा फोन त्याच स्टँडवर लावलात तर त्याचंही तेच होणार.

हँग होतो

स्टोरेज किती मोकळं आहे ते बघा. दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली आलं की बहुतेक फोन अडखळतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधलं मॅनेज स्टोरेज उघडा आणि मोठे व्हिडिओ आधी उडवा. सुप्रभातचे फोटो त्यामानाने चिल्लर. मग अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स बंद ठेवून, चालवा: तिथे सुरळीत चालला तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा. तरीही अडखळत असेल तर बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट. त्यानंतरही ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीचं जुन्या धाटणीचं ईएमएमसी स्टोरेज असलेला फोन रखडला, तर मात्र तो बदला. हे हार्डवेअर कमीच आहे, आणि 'व्हर्च्युअल रॅम' म्हणून जे मिळतं ते त्याच मंद स्टोरेजचा तुकडा.

अपडेटचंही बघा. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) या मालिकांना सात वर्षांचं वचन आहे, स्वस्त फोनांना बरंच कमी. मॉडेल तुम्ही घेतलं तेव्हाच दोन वर्षं जुनं असेल तर तुमच्या वाट्याला थोडीच वर्षं उरतात. बँकेची अ‍ॅप्स त्याच फोनात असतील तर हे कारण चकचकीत कॅमेऱ्यापेक्षा मोठं.

स्क्रीन फुटली असेल तर दुकानात 'फोल्डर'चा (काचेसकट अख्ख्या स्क्रीनचा) भाव विचारताना तो मूळ अ‍ॅमोलेड आहे की स्वस्तातला एलसीडी, हे आधी विचारा. स्क्रीनखाली बोटाचा ऑप्टिकल सेन्सर असेल तर एलसीडी बसवल्यावर तो चालत नाही. मूळ स्क्रीनचा खर्च फोनच्या आजच्या एक्स्चेंज किमतीच्या वर गेला तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

पैशाचा हिशेब

समजा फोन २०,००० रुपयांना घेतला, दहा महिने वापरला, आज एक्स्चेंजला ९,००० मिळतात. म्हणजे तो महिन्याला १,१०० रुपयांना पडला. तोच आणखी दोन वर्षं वापरून शेवटी ३,००० आले, तर ३४ महिन्यांत १७,००० रुपये, महिन्याला ५००. आता २५,००० चा नवा घेतलात तर वरून १६,००० भरावे लागतात. वरच्या चाचण्यांतून सापडलेला दोष एवढ्या पैशांचा आहे का, ते कागदावर लिहून बघा. चार्जर बऱ्याच डब्यांत आता नसतो, कव्हर आणि काच नव्याने घ्यावी लागते, हेही त्यात धरा. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. आणि फलकावरचा '१५,०००पर्यंत' हा आकडा सर्वांत महागड्या मॉडेलचा असतो; न्यायला आलेला माणूस स्क्रीन, बॅटरी, स्पीकर तपासून कपात करतो.

दोष खरा निघाला आणि वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट (फोन जमा केल्याची, तक्रार लिहिलेली पावती) घेतल्याशिवाय फोन देऊ नका. टोलवाटोलवी सुरू झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, त्या वेळी तोच कागद लागतो.

बदलायचं ठरलंच

जुना फोन हातचा जाण्याआधी नव्यात यूपीआय चालू करा, व्हॉट्सअ‍ॅप आणून बघा, ओटीपीचं अ‍ॅप वापरत असाल तर ते हलवा. मग गुगल खातं काढून टाका आणि त्यानंतर रीसेट करा. क्रम चुकला तर फोन पुढच्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोनवर फाइंड माय बंद करा. सिम आणि मेमरी कार्ड काढा.

बदल्यात कोणाचा वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजीत केवायएम ही अक्षरं, मोकळी जागा, मग तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्ट झालेला निघाला तर घेऊ नका. आपला फोन विकताना बिलाची प्रत आणि आयएमईआय लिहिलेली, विकत घेणाऱ्याच्या सहीची पावती जपून ठेवा.