मायक्रॉनचा अहवाल कसा वाचावा: मालसाठ्याची ओळ सोडू नका

‘पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) कमी आहे, घेऊन टाका’ हा सल्ला मेमरी चिपच्या कंपनीला कधीही लावू नका. मायक्रॉन या अमेरिकी मेमरी चिप कंपनीचा पी/ई २०२२ मध्ये एक आकडी होता. त्या आर्थिक वर्षात ३,०७६ कोटी डॉलर विक्रीवर ८६९ कोटींचा निव्वळ नफा होता. पुढच्याच वर्षी विक्री १,५५४ कोटींवर आली आणि ५८३ कोटी डॉलरचा तोटा झाला. डीरॅम आणि नॅन्ड हे मेमरी चिपचे दोन प्रकार म्हणजे बाजारभावाने विकला जाणारा माल आहे. तेजीच्या टोकाला नफा फुगतो, म्हणूनच तेव्हा पी/ई स्वस्त दिसतो.

कागद जमवा. अमेरिकी सेक्युरिटीज कमिशनच्या ‘एडगर’ या संकेतस्थळावर वार्षिक (१०-के) आणि तिमाही (१०-क्यू) अहवाल फुकट मिळतात. किमान आठ तिमाह्या घ्या. मायक्रॉनचे वर्ष ऑगस्टच्या शेवटाला संपते, त्यामुळे ‘पहिली तिमाही’ म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर.

विक्री फोडा. डीरॅम किती, नॅन्ड किती (२०२४ मध्ये डीरॅमचा वाटा सुमारे ७० टक्के होता), आणि वाढ भावामुळे की जास्त माल गेल्यामुळे, हे व्यवस्थापनाच्या विवेचनात सरळ लिहिलेले असते.

आता ढोबळ नफा (विक्री वजा विकलेल्या मालाचा खर्च) आणि मालसाठा. इथे घाई करू नका. मी इथेच फसले होते.

२०२४ च्या सुरुवातीला मी ढोबळ नफ्याचे प्रमाण तिमाहीनुसार मांडले. डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या तिमाहीत ते उणे ३३ टक्के होते. बरोबर एका वर्षाने अधिक १८.५ टक्के. मी तीच रेघ पुढे ओढली आणि मागणी इतक्या वेगाने परतली असे मनाशी ठरवून टाकले. मालसाठ्याचा परिच्छेद मी वाचलाच नव्हता.

आधी हिशेब समजून घ्या. साठ्याची किंमत खर्च किंवा त्यातून मिळू शकणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जे कमी असेल त्याने लावायची असा नियम आहे. कांद्याचा व्यापारी वीस रुपयांनी घेतलेला माल चाळीत ठेवतो आणि भाव बाराला येतो. प्रामाणिक वहीत त्याच दिवशी किलोमागे आठ रुपये तोटा लिहिला जातो. पुढे तोच कांदा तेराने गेला तर वहीत एक रुपया नफा दिसतो. प्रत्यक्षात सात गेलेले असतात.

चिपमध्ये हे जास्त जोराने घडते, कारण वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडतात ती सिलिकॉनची चकती, कारखान्यात शिरल्यापासून माल बाहेर पडायला महिने लागतात आणि भाव तोवर थांबत नाही. मायक्रॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्पादन सुमारे २० टक्क्यांनी कमी करत असल्याचे जाहीर केले, तरी साठा वाढतच राहिला. मग फेब्रुवारी २०२३ अखेरच्या तिमाहीत १४३ कोटी डॉलर आणि पुढच्या तिमाहीत ४० कोटी, असे एकूण १८३ कोटी साठ्याच्या किमतीतून कापले गेले. हा कापलेला माल नंतर विकला गेला तेव्हा त्याचा वहीतला खर्च कमी होता, म्हणून त्या तिमाह्यांचा नफा तेवढा वर उचलला गेला: आधी २८, मग ५६, मग ६०.५ आणि शेवटी ३८ कोटी. बेरीज पुन्हा १८३.

तेव्हा दुरुस्ती अशी करा. ज्या तिमाहीत कपात झाली तिथे ती रक्कम ढोबळ नफ्यात परत मिळवा. ज्या तिमाहीत कापलेला माल विकला तिथे तो फायदा वजा करा. फेब्रुवारी २०२३ ची तिमाही उणे ३३ वरून अधिक ६ टक्क्यांवर येते. नोव्हेंबर २०२३ ची तिमाही कागदावर जवळजवळ ना नफा ना तोटा दिसते, ६०.५ कोटी काढले की उणे साडेतेरा. माझे लाडके १८.५ टक्के खरे तर १२ होते. मे २०२४ अखेरच्या तिमाहीतले सुमारे २७ टक्के मात्र अस्सल, कारण तोवर कापलेला माल संपला होता. म्हणजे खरा तळ कागदावरच्या तळानंतर कित्येक महिन्यांनी आला, आणि खरी चढण त्याच्याही नंतर सुरू झाली.

‘समायोजित आकडे (कंपनी काही खर्च वगळून स्वतः देते ते) बघा, त्यात सगळे साफ केलेले असते’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मायक्रॉनच्या समायोजित आकड्यांतही ही कपात तशीच आत होती. तिमाही अहवालात ढोबळ नफ्याचा परिच्छेद उघडा, ‘राइट-डाउन’ शब्द शोधा आणि रक्कम स्वतः टिपून घ्या.

साठा किती दिवसांचा आहे, हा आकडाही याच कारणाने फसवतो. कपातीमुळे साठा घटतो आणि विकलेल्या मालाचा खर्च फुगतो, दोन्हींमुळे दिवस कमी दिसतात. फेब्रुवारी २०२३ ला साठा दीडशे दिवसांचा वाटत होता. कपात बाजूला ठेवून मोजला तर तो दोनशे दिवसांच्याही बराच वर जातो.

रोख प्रवाह. ५८३ कोटी तोट्याच्या वर्षातही कामकाजातून १५६ कोटी डॉलर रोख आली. कारण घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी लिहिलेला खर्च: सुमारे ७७६ कोटी. तो खर्च लिहिला जातो, पण त्या वर्षी पैसा बाहेर जात नाही. यावर खूश होऊ नका, कारण यंत्रांवर त्याच वर्षी सुमारे ७६८ कोटी खर्च झाले. चिपच्या कंपनीत घसारा हा खराच खर्च आहे. तो नफ्यात परत मिळवून ‘एबिटा’ (व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा) दाखवणारी विश्लेषणे मी वाचत नाही.

सरकारी पैसा वेगळा काढा. गुजरातमधल्या साणंदच्या जुळणी आणि चाचणी प्रकल्पाची जून २०२३ मध्ये घोषणा झाली तेव्हा एकूण खर्च २७५ कोटी डॉलर सांगितला होता. त्यात मायक्रॉनचा वाटा ८२.५ कोटींपर्यंत, बाकी ५० टक्के केंद्र आणि २० टक्के गुजरात सरकार. अशी मदत रोख प्रवाहाच्या तक्त्यात भांडवली खर्चापासून वेगळ्या ओळीत येते. दोन्ही ओळी शेजारी ठेवून आठही तिमाह्यांसाठी लिहून काढा.