रुग्णालयीन नोंदींवरून बालकांतील गाठींचा आढावा कसा घ्यावा

एखाद्या रुग्णालयात दहा वर्षांत आढळलेल्या बालकांतील गाठींचा, म्हणजे कर्करोगांचा आणि सौम्य गाठींचा, आढावा हा विकसनशील देशांत पदव्युत्तर प्रबंधाचा नेहमीचा विषय आहे. बहुतेक विद्यार्थी पॅथॉलॉजी विभागाची नोंदवही उघडून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) निदान मात्र बायोप्सीवर, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवर नव्हे, तर रक्ताच्या आणि अस्थिमज्जेच्या तपासणीवर होते. त्यामुळे श्रीमंत देशांत बालकर्करोगांचा सुमारे तृतीयांश वाटा असलेला हा आजार अशा यादीत जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून रक्तविकार प्रयोगशाळा, बालरुग्ण कक्ष, नेत्रविभाग, शस्त्रक्रियागृह आणि मृत्युनोंदी यांची पडताळणी एकत्र करावी. एकाच मुलाची सुईने केलेली तपासणी, बायोप्सी आणि नंतर काढलेले मूत्रपिंड अशा तीन नोंदी सापडू शकतात. त्या नाव, वय, गाव आणि पालकांचे नाव जुळवून एक कराव्यात.

वयाची मर्यादा आधीच ठरवावी. १५ वर्षांखालील मुले घेण्याची पद्धत रूढ आहे, पण अनेक ठिकाणी बालरुग्ण कक्ष १२ वर्षांपर्यंतच असतो. अशा ठिकाणी हाडांच्या कर्करोगाची तेरा-चौदा वर्षांची मुले अस्थिरोग विभागात शोधावी लागतात. रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठी आणि इतर सौम्य गाठी वेगळ्या मांडाव्यात.

वर्गीकरण अवयवानुसार करू नये. बालकर्करोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १२ मुख्य गट असून ते प्रामुख्याने पेशींच्या स्वरूपावर आधारलेले आहेत, कारण ‘पोटातील गाठ’ ही विल्म्स ट्यूमर (मूत्रपिंडाचा कर्करोग), न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींचा कर्करोग) किंवा बर्किट लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) यांपैकी काहीही असू शकते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (प्रतिपिंडे वापरून पेशींचा प्रकार ओळखण्याच्या चाचणीची) सोय नसलेल्या काळातील ‘लहान गोल पेशींची गाठ’ हे निदान तसेच ठेवावे. अंदाजाने ते एखाद्या गटात ढकलू नये.

मुलाचे राहण्याचे ठिकाण हा रकाना अनेकजण रिकामा सोडतात, पण तोच कधी कधी सर्वांत मोलाचा ठरतो. युगांडातील कंपालाच्या मुलागो रुग्णालयातील शल्यविशारद डेनिस बर्किट यांना १९५७ मध्ये दोन्ही जबड्यांवर सूज असलेले एक मूल दिसले. त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या, १९५८ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आफ्रिकेतील इतर रुग्णालयांकडे पत्राने विचारणा केली आणि १९६१ मध्ये मोटारीने प्रदीर्घ प्रवास करून हा आजार, म्हणजेच बर्किट लिम्फोमा, कोठे आढळतो हे पाहिले. पूर्व आफ्रिकेत सुमारे ५,००० फुटांच्या वर तो क्वचितच दिसत होता, आणि उष्ण, पावसाळी, मलेरियाच्या पट्ट्याशी त्याची हद्द जुळत होती. १९६४ मध्ये त्या गाठींच्या पेशींत एप्स्टाइन-बार विषाणू सापडला. युगांडात पुढे एचआयव्हीची साथ पसरल्यावर मुलांतील कापोसी सार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग) हाही वाढला. त्यामुळे दहा वर्षांची एकच बेरीज न देता आकडे काळानुसार विभागून द्यावेत.

टक्केवारी म्हणजे आजाराचे प्रमाण नव्हे. ती केवळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या आणि निदान झालेल्या मुलांमधील वाटा दाखवते. डोळ्यातील पांढरी चमक किंवा बाहेर आलेला डोळा आईला दिसतो, म्हणून रेटिनोब्लास्टोमाचा (डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचा) वाटा मोठा भरतो. लोकसंख्येत लहान मुले अधिक असल्याचाही त्यात भाग असतो. उलट, मेंदूच्या गाठीचे मूल निदानाआधीच दगावू शकते. ल्युकेमियाचा ताप आणि पांढुरकेपणा यांवर मलेरियाचे उपचार होत राहतात. खरे प्रमाण हवे असेल तर ठरावीक लोकसंख्येची कर्करोग नोंदणी लागते, जशी मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून आहे.

भारतातील रुग्णालयांत मुलींपेक्षा मुलगे बरेच जास्त दिसतात. त्याला जैविक कारण चिकटवण्यापूर्वी त्याच कक्षात इतर आजारांसाठी दाखल झालेल्या मुलामुलींचे गुणोत्तर तपासावे. तेही तसेच निघाले तर उपचारांसाठी कोणाला आणले जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

शेवटी, उपचार अर्धवट सोडलेल्यांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि त्यांना ‘बरे झालेले’ समजू नये. सीटी स्कॅन यंत्र कोणत्या वर्षी आले आणि न्यूरोसर्जन कधी रुजू झाले, हे तक्त्याखाली नोंदवावे. म्हणजे त्यानंतर मेंदूच्या गाठी एकाएकी वाढलेल्या दिसल्या, तर वाढ आजारात झाली की निदानाच्या सोयींत, हे वाचणाऱ्याला पडताळता येईल.