स्पोर्ट्स कारची वायपर ब्लेड: पावसाळ्याआधी कशी निवडावीत, कशी बदलावीत

नाशिकमध्ये वायपर ब्लेड बदलायची योग्य वेळ म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मृग लागतो ७ जूनच्या आसपास, आणि त्याआधीचं आपलं ऊन रबराला अजिबात सोडत नाही. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगच्या वेळी नवी ब्लेड टाकली, तर पावसाचा पहिला थेंब पडायच्या आतच त्यांनी तीन-चार महिने ऊन आणि धूळ खाल्लेली असते. त्यात स्पोर्ट्स कार रोज बाहेर निघत नाही. आठवडेच्या आठवडे ती एका जागी उभी राहते आणि रबराची धार एकाच बाजूला दाबून बसते. गाडी वर्षभरात जेमतेम हजार-दोन हजार किलोमीटर चालली, म्हणून वायपर नवेच आहेत असं समजू नका. रबराचं वय किलोमीटरवर ठरत नाही, उन्हात काढलेल्या महिन्यांवर ठरतं.

आपल्याकडे हा विषय गंभीर का आहे, ते रस्ता सांगतो. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि पश्चिमेला तासाभरावर असलेल्या इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या आसपास. गंगापूर रोडवर बरं वाटणारं ब्लेड घोटी ओलांडली की उघडं पडतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, आणि त्यात सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. आत काच कोरडी होते, बाहेर पडताच पाऊस थेट काचेवर आदळतो. १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. वायपरचा पहिला हात स्वच्छ बसला नाही, तर तेवढं अंतर तुम्ही अंदाजाने कापता. त्यातून स्पोर्ट्स कार बुटकी, त्यामुळे ट्रकच्या चाकांनी उडवलेलं चिखलाचं पाणी नेमकं डोळ्यांच्या पातळीवर येतं. म्हणून या गाडीच्या वायपरकडे मी ब्रेकइतक्याच काळजीने बघतो.

आधी दोष ओळखा

प्रत्येक वेळी ब्लेडच खराब असतं असं नाही. काचेवर बारीक, सलग रेघ राहत असेल तर रबराच्या धारेला कुठेतरी चीर पडली आहे किंवा खडा अडकला आहे. ओल्या फडक्याने धार पुसून बघा. रेघ गेली तर पैसे वाचले. वायपर फिरल्यावर क्षणभर धुरकट पडदा राहत असेल, तर दोष बहुधा काचेवरच्या तेलकट थराचा. हायवेवर डिझेलच्या धुरामागे चालणाऱ्या गाड्यांना हा थर हमखास चढतो. वायपर थरथरत, कटकट आवाज करत फिरत असेल तर रबर कडक झालेलं असतं. वायपर उलट फिरताना रबराची धार दुसऱ्या बाजूला वळायला हवी, ती वळत नाही आणि उड्या मारते. आणि शहरात सगळं ठीक, पण वेग वाढला की ड्रायव्हरसमोरचा पट्टा पुसलाच जात नाही, अशी तक्रार असेल तर वारा ब्लेडला काचेवरून उचलतो आहे. ही तक्रार स्पोर्ट्स कारची खास. तिची काच फार तिरपी आणि बरीच वक्र असते, आणि वेगही जास्त असतो.

निवड

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. जुन्या पद्धतीचं लोखंडी सांगाड्याचं ब्लेड, सांगाडा नसलेलं सपाट ब्लेड, आणि सांगाड्यावर प्लास्टिकचं आवरण असलेलं हायब्रिड. स्पोर्ट्स कारला सांगाड्याचं लावू नका. वारा त्या सांगाड्यात शिरतो आणि ब्लेड उचलतो. गाडी कंपनीतूनच सपाट ब्लेडवर आली असेल तर सपाटच घ्या, हायब्रिडवर आली असेल तर हायब्रिड.

सपाट ब्लेडमध्ये एक गोष्ट बाहेरून कळत नाही. त्याच्या आतल्या स्टीलच्या पट्टीला आधीच बाक दिलेला असतो, आणि तो बाक ठरावीक काचेसाठी जुळवलेला असतो. ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ असं लिहिलेलं ब्लेड साध्या हॅचबॅकला चालून जाईल. खोल वक्र काचेवर मात्र त्याची टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो, किंवा याच्या उलट. म्हणून मी गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेल्या ब्लेडच्या बाजूने आहे, मग ते शोरूमचं असो वा त्या दर्जाच्या दुसऱ्या कंपनीचं. यात बचत करू नये.

लांबी स्वतः मोजा. शिंप्याचा टेप घेऊन जुन्या ब्लेडचं रबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वक्राच्या अंगाने मोजा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हर साइडचं ब्लेड लांब आणि क्लीनर साइडचं आखूड असतं. २० इंच म्हणजे साधारण ५०० मिलिमीटर, २२ म्हणजे ५५०, २४ म्हणजे ६००. जास्त काच पुसली जाईल म्हणून मोठं ब्लेड लावायचा मोह टाळा. ते शेजारच्या ब्लेडला किंवा काचेच्या कडेच्या पट्टीला घासतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. इंटरनेटवर या गाड्यांचे मापांचे तक्ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगबरोबर वायपरची मांडणीही उलटी होते, त्यामुळे तक्त्यातलं डावं माप आपल्याकडे उजवीकडे जातं. एवढ्यावर भागत नाही. सपाट ब्लेडच्या पाठीवर वाऱ्याला दाबून धरणारी जी उभी कड असते, ती अनेक ब्लेडमध्ये एकाच दिशेला झुकलेली असते. डाव्या स्टिअरिंगसाठी घडवलेलं ब्लेड इथे लावलं तर ती कड उलट्या तोंडाने बसते आणि वेगात मदत करण्याऐवजी त्रास देते. बाहेरून मागवताना उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

आर्मला, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याला, ब्लेड जोडायचं लॉकही पाहा. साध्या गाड्यांत आर्मचं टोक हुकासारखं वळलेलं असतं. युरोपीय गाड्यांत बहुधा बटण दाबून किंवा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून सुटणारं लॉक असतं, आणि त्यातही रुंदीचे प्रकार आहेत. जुनं ब्लेड काढून सोबत नेणं किंवा लॉकचा जवळून फोटो दुकानदाराला दाखवणं, हा खात्रीचा मार्ग. या गाड्यांची ब्लेड नाशिकच्या दुकानात तयार मिळतीलच असं नाही. चेसिस नंबर देऊन मुंबई-पुण्याच्या शोरूममधून पार्ट नंबर काढून घ्या, म्हणजे मागवताना गोंधळ होत नाही. मर्सिडीजच्या काही मॉडेलमध्ये, २०१२ च्या एसएलपासून, काच धुवायचं पाणी ब्लेडमधूनच येतं. तिथे साधं ब्लेड चालतच नाही.

रबरात साधं रबर आणि सिलिकॉन असे दोन पर्याय दिसतील. सिलिकॉन ऊन जास्त सोसतं, म्हणून नाशिकच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते पटतं. किंमत जास्त असते. काचेवर सिरॅमिक कोटिंग केलं असेल, तर मात्र कोणतं ब्लेड त्यावर थरथरत नाही, हे कोटिंग करणाऱ्याला विचारूनच ठरवा.

बदलताना

गाडी सावलीत, सपाट जागी लावा. आधी काच साफ करा, कारण नवं रबर घाणेरड्या काचेवर पहिल्याच दिवशी कापलं जातं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग साध्या पाण्याने जात नाहीत. काचेसाठी मिळणारं क्लीनर लागतं. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या फवारणीच्या दिवसांत गाडी उभी असेल, तर काच दोनदा धुवा. तेलकट थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा, आणि ते बॉनेटच्या रंगावर सांडू देऊ नका.

मग वायपर सर्व्हिस पोझिशनला आणा. स्पोर्ट्स कारमध्ये आर्म बऱ्याचदा बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात. ते तसेच उचलले तर बॉनेटचा रंग खरवडतो. काही जर्मन गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर काही सेकंदांच्या आत स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी खाली दाबली की वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबतात. काही गाड्यांत ही सोय स्क्रीनच्या मेनूत असते. नेमकी रीत मॉडेलनुसार बदलते, म्हणून मॅन्युअलचं ते पान काढून ठेवा. वायपर थांबले की इग्निशन पूर्ण बंद करा आणि ऑटो वायपरही बंद ठेवा. पावसाचा सेन्सर जागा असेल तर ओल्या फडक्याच्या स्पर्शानेही वायपर फिरू शकतात.

काचेवर जाड टॉवेल घडी घालून पसरा. ही पायरी कोणीही गाळू नये. ब्लेड काढलेला उघडा आर्म म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगवरचं लोखंड. हातातून सुटला तर काच तडकते. पाऊस आणि उजेडाचा सेन्सर, कॅमेरा बसवलेली अशी काच मागवायला वेळ लागतो आणि तिचा खर्च ब्लेडच्या कितीतरी पट असतो.

जो आर्म वरच्या बाजूला आहे तो आधी उचला. जुनं ब्लेड कसं बसलं आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. हुकाचं लॉक असेल तर मधली पट्टी दाबून ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवा, ते हुकातून सुटतं. बटणाचं असेल तर बटण दाबून ब्लेड सरळ बाहेर ओढा. जोर लावावा लागला तर थांबा. लॉक पूर्ण उघडलेलं नाही. नवं ब्लेड त्याच दिशेने सरकवा, ‘टक्’ आवाज आला की हलकेच ओढून पाहा. नव्या रबराची धार बोटांनी चोळू नका, पेट्रोल किंवा थिनर तर मुळीच लावू नका. वरचा ग्राफाइटचा थर निघून जातो. रबरावर प्लास्टिकचं संरक्षक कव्हर असेल तर ते काढायला विसरू नका. आर्म हाताने धरून, सावकाश काचेवर टेकवा. काढताना जो शेवटी उचलला, तो आधी खाली.

टॉवेल काढा, इग्निशन चालू करून वायपर मूळ जागी आणा, आणि काचेवर पाणी मारूनच फिरवून बघा. कोरड्या काचेवर कधीच नाही. मंद आणि जलद, दोन्ही वेगांवर दहा-बारा फेऱ्या होऊ द्या आणि ब्लेड कडेला, बॉनेटला किंवा एकमेकांना घासत नाहीत ना ते पाहा.

नवं ब्लेड एकाच दिशेने जाताना थरथरत असेल, तर आर्मला किंचित पीळ पडलेला असतो. रबर काचेला काटकोनात टेकायला हवं. हा पीळ मेकॅनिककडून काढून घ्या, पकडीने घरी वाकवू नका. सगळ्या वेगांना मधला पट्टा सुटत असेल तर ब्लेडचा बाक काचेला जुळत नाही, परत करा. पहिल्या चांगल्या पावसात विल्होळीच्या पुढे महामार्गावर, वेगमर्यादेत राहून बघा. फक्त वेगातच पट्टा सुटत असेल आणि ब्लेडची कड योग्य दिशेला असेल, तर आर्मची स्प्रिंग ढिली झाली आहे. मग कितीही महाग ब्लेड आणलं तरी उपयोग नाही, आर्मच बदलावा लागेल.