सेकंडहँड गाडीचा इतिहास: तारखा आणि किलोमीटर जुळवून बघा

आरसीवर फिटनेसची तारीख अजून आठ-दहा वर्षं पुढची दिसली की बरेच जण निर्धास्त होतात. खासगी गाडीच्या बाबतीत त्या तारखेवरून गाडीच्या तब्येतीचं काहीच कळत नाही. नव्या खासगी गाडीचं पासिंग झालं की १५ वर्षांची मुदत एकदम मिळते. मधल्या काळात तिला तपासणीसाठी आरटीओत नेण्याची वेळ सहसा येत नाही. पंधरा वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणी वाढवायची असते. तेव्हा तपासणी होते आणि पुढची ५ वर्षं मिळतात. म्हणजे सहा-सात वर्षांची गाडी आजवर सरकारी माणसाने नीट पाहिलेलीच नसते.

तिचा इतिहास मग तुकड्यातुकड्यांत असतो: सर्व्हिसची जॉबकार्डं (केलेल्या कामाची गॅरेजमधली नोंद), पीयूसी, विम्याच्या पॉलिसी, ई-चलनं आणि खुद्द गाडीचे भाग. एका कागदावर दोन रकाने आखा, तारीख आणि किलोमीटर. जे हाती लागेल ते क्रमाने मांडत जा. जिथे किलोमीटर मागे जातात किंवा वर्ष-दीड वर्ष कोरं दिसतं, तिथे विक्रेत्याला थांबवून विचारायचं. टोकन त्यानंतर.

गाडी बघायला जाण्याआधी

विक्रेत्याकडून गाडीचा नंबर आणि आरसीचा फोटो मागवा. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. विक्रेता ‘दुसरा मालक’ म्हणतो आणि नोंदीत तिसरा दिसतो, असं झालं तर बोलणं तिथेच थांबवलेलं बरं. मुंबईचे नंबर असे: एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. नंबर यापैकी नसला तर गाडी मुंबईत कधी आणि का आली ते विचारा. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर हे सगळं आलं. तो खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ अंक टाका. लोक फक्त थकलेली रक्कम बघतात, पण चलनावर तारीख, वेळ आणि ठिकाणही असतं. ‘गाडी फक्त रविवारी निघते’ म्हणणाऱ्याची चलनं कामाच्या दिवशी सकाळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर फाडलेली असतील, तर रनिंगचा आकडा संशयाने बघा. फोटो असेल तर तोही बघा. त्यात पुढचा बंपर फुटलेला दिसला आणि आज तो नवाकोरा असला, तर दुरुस्तीचं बिल मागायला तारीख हातात आली.

कागद हातात घेऊन

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक खेपेची नोंद चासी नंबरवर राहते. मालकाला त्याच्या मोबाईलवरून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून ती काढून द्यायला सांगा. छापील सर्व्हिस बुकातले शिक्के एका बैठकीत मारता येतात, त्यामुळे त्यांवर विसंबू नका. नोंदीत नुसती ‘सर्व्हिस’ वाचू नका, बदललेले भाग वाचा. मुंबईच्या अर्ध्या क्लचच्या ट्रॅफिकमध्ये ४०,००० किलोमीटरला क्लचप्लेट बदललेली असणं साधी गोष्ट आहे. पण एकाच बिलात रेडिएटर, कंडेन्सर, हेडलाइट आणि बोनेट दिसलं, तर गाडी समोरून ठोकलेली आहे. एअरबॅग आणि स्टिअरिंग एकत्र बदललेलं असेल, तर ठोक मोठी होती. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत ही आहे का, हेही त्याच खेपेला चासी नंबरवरून विचारून घ्या.

विम्याच्या पॉलिसी मागे तीन वर्षांपर्यंतच्या मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वाढत जातो. ४५ वरून एकदम शून्यावर आला, तर बहुधा मधल्या वर्षात क्लेम झालाय किंवा पॉलिसी संपून ९० दिवस उलटलेत. पण ५० टक्के दिसले म्हणून गाडी निष्कलंक ठरत नाही. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही; जुन्या गाडीवरचा बोनस तो या गाडीवर आणू शकतो. बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असेल, तर क्लेम होऊनही टक्केवारी तशीच राहते. याच जुन्या पॉलिसींत आणखी एक खूण मिळते. कधीकाळी ‘पॅसेंजर कॅरिंग’ अशी पॉलिसी असेल, तर आजची पांढरी पाटी पूर्वी पिवळी होती. अशी गाडी टॅक्सी म्हणून धावलेली असते. मीटर ६०,००० दाखवत असला तरी खरं रनिंग त्याच्या कितीतरी पट असू शकतं.

पीयूसी बीएस-४ (धुराच्या मर्यादेचा सरकारी टप्पा) आणि पुढच्या गाड्यांना वर्षाचं, त्याआधीच्यांना सहा महिन्यांचं मिळतं. जुनं प्रमाणपत्र बघून समाधान मानू नका. तुमच्यासमोर नवं काढायला लावा आणि नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली जाते का ते उभं राहून बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवं. हायड्रोकार्बन वर गेलं तर बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइल नीट काम करत नाही. कार्बन मोनॉक्साइड वर गेला तर एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर किंवा इंजेक्टर. बीएस-६ डिझेल असेल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. काळी काजळी लागली तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) फुटलेला आहे किंवा काढून टाकलेला आहे, आणि तो नवा बसवणं अतिशय महाग पडतं.

गाडीसमोर

सकाळी जा, इंजिन थंड असताना. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन स्टार्टिंगची सगळी दुखणी लपवतं.

आरसीवरचा चासी नंबर बॉडीवर कोरलेल्या नंबरशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. तो बोनेटखाली किंवा पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झडपेआड असतो. आजूबाजूला वेल्डिंग, घासल्याचे ओरखडे किंवा वेगळा रंग दिसला तर सौदा सोडून द्या. टायरच्या बाजूवर चार अंक असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. कंपनीचे टायर साधारण ४० ते ५० हजार किलोमीटर चालतात. २०२१ ची गाडी, मीटर २५,००० आणि चारही टायर २०२४ चे, याचं उत्तर मिळायलाच हवं. काचांवरही उत्पादनाच्या वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा.

मेकॅनिककडे ओबीडी स्कॅनर असतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र. एरर आहे का एवढंच बघून थांबू नका, ‘एरर पुसल्यापासूनचं अंतर’ वाचायला सांगा. तिथे ८ किंवा १० किलोमीटर दिसले, तर तुम्ही येणार म्हणून कालच एरर पुसलेले आहेत. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर दिवाच बंद करून ठेवला असण्याची शक्यता मोठी.

मुंबईत सर्वांत जास्त वेळ पाण्यासाठी द्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २९ ऑगस्ट २०१७ लाही हजारो गाड्या पाण्यात उभ्या होत्या, आणि हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी वारंवार भरत आलंय. भरतीच्या वेळी तुंबलेलं पाणी खाडीचं असेल तर त्यात मीठ असतं, आणि वायरिंगचे जोड महिन्या-दोन महिन्यांत हिरवे पडू लागतात. आतून शॅम्पू केलेली, अत्तर मारलेली गाडी चकचकीत दिसेलच. म्हणून जिथे शॅम्पू पोचत नाही तिथे बघा: सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि मातीची आडवी रेघ शोधा, सीटखालच्या रेल्सचे बोल्ट, डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा, डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सचा मागचा भाग टॉर्चने बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालचा फोम दाबा.

पाण्यात इंजिन चालू ठेवलं तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नसेल तर हा खर्च विमा कंपन्या सहसा देत नाहीत, म्हणून मालक जेमतेम चालू करून गाडी विकतो. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करा; एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी निघाला तर इंजिन खोलल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

सीएनजी किट असेल तर आरसीवर नोंद आणि सिलिंडरच्या हायड्रोटेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीख बघा. ती दर ३ वर्षांनी करावी लागते.

पैसे देताना

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं फॉर्म २९बी मधलं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागा. ही तरतूद एप्रिल २०२३ पासून आहे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. कोऱ्या फॉर्मवर आधीच केलेल्या सह्या कुणी दिल्या तर आरसीवरच्या मालकाशी स्वतः फोनवर बोला. विक्रेत्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. तोवर थर्ड पार्टीचं संरक्षण चालू असतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.