थरांच्या जमिनीतून भूकंप लहरींचं मॉडेलिंग: या चुका टाळा

कोड शेवटपर्यंत चालला, सिस्मोग्रामवर (जमिनीच्या हालचालीच्या आलेखावर) लहरी उमटल्या, की काम झालं असं वाटतं. खरी अडचण तिथूनच सुरू होते. थरांच्या जमिनीत मुळातच इतकी परावर्तनं होतात की गणितातली चूकसुद्धा एखाद्या थरासारखी दिसते. ग्रिड, म्हणजे ज्या घरांत जमीन विभागून हिशोब करतो ती जाळी, जाड पडली की मुख्य लहरीमागे शेपूट येतं आणि आपण ते मातीतल्या थरथरीच्या खात्यावर टाकतो. मॉडेलच्या कडेवरून परतलेली लहर खोलवरचा नवा थर म्हणून अहवालात जाते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: कोणतीही लहर जमिनीच्या नावावर लिहिण्याआधी ती गणितातून आलेली नाही, हे आधी तपासा.

आकडे हाताशी असावेत म्हणून एक साधं मॉडेल घेऊ. वर १५ मीटर पाण्याने भरलेला गाळ: एस-लहरीचा (आडव्या कंपनाच्या, कातर लहरीचा) वेग सेकंदाला २०० मीटर, पी-लहरीचा (दाबाच्या लहरीचा) १५००, घनता घन सेंटीमीटरला १.८ ग्रॅम. खाली बेसॉल्ट: एस २८००, पी ५०००, घनता २.७. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी अवास्तव नाहीत; दख्खनच्या नदीकाठी मऊ गाळाखाली थेट कठीण खडक लागणं नवीन नाही.

ग्रिड ठरवताना सरासरी वेग धरणं

फायनाइट डिफरन्स पद्धतीत, म्हणजे ग्रिडच्या बिंदूंवर लहरीचं समीकरण पावलापावलाने सोडवताना, सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच. ग्रिडचं अंतर सर्वांत कमी वेगावर ठरतं, टाइम-स्टेप (वेळेचं एक पाऊल) सर्वांत जास्त वेगावर. म्हणजे गाळ एकीकडून दाबतो आणि बेसॉल्ट दुसरीकडून. सरासरी वेग घेतला तर दोन्हीकडे फसगत होते.

त्यात आणखी एक खोच आहे. स्रोत म्हणून १० हर्ट्झचा रिकर वेव्हलेट (एका शिखराचा छोटा प्रमाणित स्पंद) घेतला की बरेच जण १० हर्ट्झवरच हिशोब करतात. २०० भागिले १० म्हणजे तरंगलांबी २० मीटर, मग २ मीटरची ग्रिड भरपूर झाली, असं त्यांना वाटतं. पण १० हर्ट्झ हे रिकरचं शिखर आहे. त्याची ऊर्जा साधारण अडीच पटीपर्यंत, म्हणजे २५ हर्ट्झपर्यंत पसरलेली असते. तिथे गाळातली तरंगलांबी ८ मीटर, आणि २ मीटरच्या ग्रिडवर तिच्या वाट्याला फक्त चार बिंदू येतात. चौथ्या ऑर्डरच्या स्टॅगर्ड ग्रिडलाही (वेग आणि ताण अर्ध्या घराच्या अंतरावर मांडणाऱ्या; ऑर्डर जितकी वरची तितका हिशोब अचूक) एका तरंगलांबीत पाच-सहा बिंदू लागतात, दुसऱ्या ऑर्डरला दहा किंवा जास्त. बिंदू कमी पडले की वरच्या वारंवारता ग्रिडवर खऱ्यापेक्षा सावकाश चालतात, मागे पडतात, आणि तेच ते शेपूट.

आपल्या मॉडेलला सव्वा मीटरची ग्रिड शोभते. आता टाइम-स्टेप. द्विमिती, चौथ्या ऑर्डरच्या स्टॅगर्ड ग्रिडसाठी मर्यादा अशी: ग्रिडचं अंतर गुणिले ०.६०६, भागिले बेसॉल्टमधला पी-वेग. उत्तर येतं ०.०००१५ सेकंद. दहा सेकंदांच्या सिस्मोग्रामसाठी पासष्ट हजारांहून जास्त पावलं. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये मांडलेली ही अट मोडली की आकडे काही पावलांतच फुगून अनंताला जातात, त्यामुळे ती चूक लगेच सापडते. ग्रिड जाड असण्याची चूक मात्र गप्प राहते. म्हणून ओळखायची रीत: ग्रिड निम्मी करून पुन्हा चालवा. शेपूट आखडलं किंवा जागचं हललं तर ते ग्रिडचं होतं. जागच्या जागी राहिलं तर मातीचं असण्याची शक्यता आहे.

दोन मीटरच्या ग्रिडने आणखी एक नुकसान होतं. १५ मीटरची जाडी दोनने भागली जात नाही, म्हणून कोड गाळ १४ मीटरचा तरी करतो किंवा १६ मीटरचा. थराची मूळ कंपनवारंवारता म्हणजे एस-वेग भागिले जाडीची चौपट. खरं उत्तर ३.३३ हर्ट्झ, पण मॉडेल ३.५७ तरी देतं किंवा ३.१३ तरी. सव्वा मीटरवर बरोबर बारा घरं बसतात. उतरत्या सीमेवर असं जमत नाही. तिथे सीमेवरच्या घरात घनतेची साधी सरासरी आणि कातर मापांकाची (आडव्या ताणाला जमीन किती ताठ आहे त्याच्या मापाची) हार्मोनिक सरासरी, म्हणजे व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त, घ्या, पायऱ्यांवरून होणारं खोटं विखुरणं बरंच कमी होतं.

पी-वेगावरून एस-वेग काढणं, तोही एकाच गुणोत्तराने

पी-वेग भागिले १.७३ हे गुणोत्तर घट्ट खडकाला चालतं. पाण्याने भरलेल्या मातीला अजिबात नाही. पी-लहर पाण्यातून जाते, म्हणून तिचा वेग १५०० च्या आसपास पोचतो. एस-लहरीला पाण्याचा आधार नाही, ती मातीच्या सांगाड्यावरच चालते. आपल्या गाळात हे गुणोत्तर ७.५ आहे आणि पॉइसन गुणोत्तर (दाबल्यावर पदार्थ बाजूला किती फुगतो त्याचं माप) ०.४९. इथे १.७३ वापरून १५०० वरून एस-वेग काढला तर ८६६ येईल, मूळ वारंवारता ३.३३ ऐवजी १४ हर्ट्झच्या वर जाईल आणि मऊ जमीन कागदावर टणक होईल. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतीसाठी ही चूक धोक्याची आहे. एस-वेग मोजूनच घ्या: पृष्ठलहरींवरून घ्या, बोअरहोलमध्ये घ्या, पण मोजून घ्या.

वेगांची साधी सरासरी

वरच्या ३० मीटरचा सरासरी एस-वेग काढायचा आहे. दहा मीटर १५० चा थर, खाली वीस मीटर ६०० चा. साधी भारित सरासरी ४५० देते. पण लहर वेळेत चालते. पहिल्या थरात तिला ०.०६७ सेकंद लागतात, दुसऱ्यात ०.०३३, एकूण ०.१. तीस भागिले ०.१ म्हणजे ३००. भूकंप संहितेतला जागेचा वर्गच (जमीन किती टणक-मऊ ते सांगणारा) बदलतो. शिवाय वेग ३०० च आला तरी मऊ थर वर आहे की मध्ये दबलेला आहे हे त्या आकड्यात उरत नाही, म्हणून मॉडेलला पूर्ण प्रोफाइल द्या.

हाच मुद्दा बेसॉल्टच्या राशीत मोठा होतो, आणि महाराष्ट्रातल्या अभ्यासकाने तो जपायलाच हवा. दख्खनचा बेसॉल्ट एकसंध दगड नाही. घट्ट प्रवाह, त्यावर पोकळ्यांचा सच्छिद्र भाग, दोन प्रवाहांमध्ये लाल मातीचा पातळ थर, मग पुन्हा घट्ट प्रवाह. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात घेतलेल्या खोल बोअरहोलमध्ये ही रास सुमारे ९३० मीटर जाड निघाली, खाली थेट जुना पाषाण. किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरहोलमध्ये ती सुमारे ३४० मीटर. एवढ्या राशीला एकच वेग देणं सोयीचं असतं, पण लांब तरंगलांबीच्या लहरीला अशी पातळ थरांची चळत उभ्या दिशेने एका वेगाची आणि आडव्या दिशेने दुसऱ्या वेगाची वाटते. भूभौतिकशास्त्रज्ञ बॅकसने १९६२ मध्ये ही सरासरी कशी घ्यायची ते दाखवलं. मापांकांची सरासरी घ्या, वेगांची नको.

आणि बेसॉल्टखाली गाळाचे खडक असतील तर? सौराष्ट्रात आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात तेलशोधासाठी हाच प्रश्न पडतो. वर ५००० चा बेसॉल्ट, खाली त्याहून कमी वेगाचा थर: त्याच्या माथ्यावरून हेड वेव्ह (सीमेवरून सरकत जाऊन वर परतणारी लहर) निघतच नाही. पहिल्या आगमनांवरून अपवर्तनाचं मॉडेल केलं की तो थर गायब होतो, त्याने लावलेला उशीर बेसॉल्टच्या नावावर चढतो आणि तळाचा पाषाण खऱ्यापेक्षा खोल दिसतो. अशा जागी नंतरच्या परावर्तनांसकट पूर्ण सिस्मोग्राम जुळवा.

तळाला कोणती नोंद द्यायची

एकमिती विश्लेषणात, म्हणजे लहर फक्त उभी चालते असं मानणाऱ्या शेकसारख्या प्रोग्राममध्ये, मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही. खडकाच्या उघड्या पृष्ठभागावर घेतलेली नोंद म्हणजे आउटक्रॉप. तिच्यात वर येणाऱ्या लहरीची दुप्पट असते. गाळाखालच्या खडकाची हालचाल वेगळी, कारण तिच्यात गाळातून परत खाली उतरणारी लहरही मिसळलेली असते. आउटक्रॉपची नोंद थेट तळाची हालचाल म्हणून दिली की तळ पूर्ण ताठ झाला असं कोड मानतो. मग खाली उतरणारी ऊर्जा बाहेर पडायला वाटच राहत नाही.

किती फरक पडतो? गाळाचं डॅम्पिंग, म्हणजे लहर विरण्याचं प्रमाण, २ टक्के धरा. ताठ तळ मानला तर मूळ वारंवारतेच्या लहरीची उंची सुमारे ३२ पट वाढते. खरा लवचिक बेसॉल्ट घेतला, दोन्ही थरांच्या घनता-वेग गुणाकारांचं गुणोत्तर २१, तर वाढ १२-१३ पट. तीच माती, तीच नोंद, आणि उत्तर अडीच पट चुकीचं. उलट, नोंद खरोखर बोअरहोलच्या तळाशी ठेवलेल्या यंत्राची असेल तर ती आउटक्रॉप म्हणून देऊ नका. नोंद कुठे घेतली हे फाइलच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवा.

डॅम्पिंग आणि क्यू (लहर किती कमी विरते त्याचा आकडा) यांचीही गल्लत होते. डॅम्पिंग म्हणजे एक भागिले क्यूची दुप्पट. २ टक्के म्हणजे क्यू २५. कोड क्यू मागत असताना ०.०२ टाकलं, तर लहर गाळात शिरताच मरते.

कडा आणि घड्याळ

या दोन चुका लवकर सापडतात, तरी अहवालात हटकून येतात. मॉडेलची कड लहर शोषून घेणारी असली तरी तिरप्या कोनातून आलेली लहर थोडी परततेच. मॉडेलची रुंदी दुप्पट करा. ज्या आगमनाची वेळ बदलली ते कडेचं. शोषक पट्टीत थर तसेच पुढे न्या, पट्टीच्या तोंडाशी तोडू नका, नाहीतर तीच नवी सीमा होते.

रिकर वेव्हलेट शून्य वेळेला शिखरावर ठेवला तर तो अर्धा कापला जातो आणि सगळ्या वारंवारतांचा कचरा होतो. १० हर्ट्झसाठी शिखर निदान ०.१२ सेकंद पुढे ढकला, आणि आगमनाच्या वेळा वाचताना ते ०.१२ वजा करायला विसरू नका. आपल्या गाळात तेवढ्या वेळात एस-लहर २४ मीटर जाते. थराच्या जाडीपेक्षा जास्त.

कोडा (मुख्य लहरीनंतरची लांब थरथर) जुळत नाही म्हणून डॅम्पिंग घटवणं

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटी हादरली तेव्हा भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याला होतं. जुन्या तलावाच्या मऊ चिकणमातीने सुमारे दोन सेकंद आवर्तकाळाच्या लहरी फुगवल्या. एस-वेग ८० च्या आसपास, जाडी ४० मीटर धरली तर जाडीची चौपट भागिले वेग, बरोबर दोन सेकंद. एकमिती मॉडेलने हे नीट सांगितलं. पण नोंदींमधली थरथर कितीतरी लांबली होती, आणि साध्या एकमिती मॉडेलमध्ये ती तेवढी टिकत नाही. अशा वेळी डॅम्पिंग कमी करत नेऊन लांबी जुळवण्याचा मोह होतो. तसं केलं की शिखराची उंचीही वाढते आणि चूक एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते.

आधी खोऱ्याची कड उतरती ठेवून द्विमिती मॉडेल चालवा आणि पृष्ठभागावर एका रांगेत रिसीव्हर (लहर नोंदवणारे बिंदू) मांडा. कडेपाशी जन्मलेली पृष्ठलहर असेल तर ती एका रिसीव्हरवरून पुढच्यावर सावकाश सरकताना, तिरक्या रेषेत दिसेल. उभ्या दिशेने वर-खाली परतणारी लहर सगळ्या रिसीव्हरवर जवळपास एकाच वेळी येते. डॅम्पिंगला हात लावायचा की खोऱ्याच्या आकाराला, हे त्या रेषेच्या उतारावरून ठरवा.