टर्मिनल एम्युलेटरवर काम करणार असाल तर डिफॉल्टचा विचार आधी करा

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे कमांड टाइप करायची विंडो दाखवणारा प्रोग्रॅम. या कामात नवीन आलेल्यांना वाटतं की स्पेक वाचायचा आणि एकेक एस्केप सिक्वेन्स (मजकुरातूनच टर्मिनलला दिलेली, एस्केप बाइटने सुरू होणारी आज्ञा) इम्प्लिमेंट करत जायचं. ते जमतं हो, पार्सर (मजकुरातून हे सिक्वेन्स ओळखणारा भाग) काही फार अवघड नाही, बाइट-बाइट घेऊन स्टेट मशीन (आतापर्यंत काय आलंय ते लक्षात ठेवून पुढचं ठरवणारी रचना) चालवा, अर्धा सिक्वेन्स या रीडमध्ये आणि उरलेला पुढच्या रीडमध्ये येणारच हे धरून चाला, अनोळखी दिसला तर शेवटापर्यंत गिळून टाका, स्क्रीनवर कचरा नको. खरी डोकेफोड असते ती डिफॉल्टने काय चालू ठेवायचं यात, कारण सेटिंग्ज उघडून बघतंय कोण!

मी आता एवढंच बघतो: या सिक्वेन्सला टर्मिनल उलट उत्तर देतो का, आणि त्या उत्तरातला मजकूर तिसऱ्याच कुणाला भरता येतो का?

प्रिंटएफ कमांडने एस्केप, चौकोनी कंस, ६ आणि एन छापून बघा. प्रॉम्प्टवर अर्धवट आकडे आणि आर असलं काहीतरी आपोआप उमटेल. कर्सर कुठेय त्याचं ते उत्तर, पण ते कीबोर्डच्याच वाटेने जातं म्हणून शेलला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) वाटतं तुम्हीच टाइप केलंत. यात नुसते आकडे असतात, शिवाय बंद केलं तर कितीतरी प्रोग्रॅम अडतात, त्यामुळे चालू. आता विंडोचं टायटल परत सांगणारा २१ टी हा सिक्वेन्स घ्या. कुणी लॉगमध्ये आधी टायटल बदलणारा आणि मागोमाग टायटल विचारणारा सिक्वेन्स घुसवला, की तुम्ही फाइल कॅट कमांडने नुसती बघितलीत तरी त्याचा मजकूर तुमच्या प्रॉम्प्टवर! २००३ सालीच यावर बोंबाबोंब झालीय, एक्सटर्म या टर्मिनलमध्ये हे डिफॉल्टने बंदच असतं.

प्रोग्रॅमला क्लिपबोर्डवर लिहू-वाचू देणारा ओएससी ५२ सिक्वेन्स मात्र सरसकट बंद करू नका, एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर) चालणाऱ्या विम एडिटरमधलं कॉपी करायला लोकांना तो लागतोच. कॉपी करू द्या, वाचू देऊ नका. अलॅक्रिटी या टर्मिनलचा डिफॉल्ट हाच आहे, किटी हा टर्मिनल वाचायच्या वेळी परवानगी विचारतो (मला ते तितकंसं पटत नाही, लोक न वाचता हो म्हणून मोकळे होतात).

अर्थात कॉपी चालू ठेवली की क्लिपबोर्डमध्ये कुणीही काहीही टाकू शकतो, म्हणून ब्रॅकेटेड पेस्ट (पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी आणि शेवटी मार्कर लावून तो टाइप केलेला नाही हे शेलला सांगायची सोय) नीट करा, म्हणजे पेस्ट होणाऱ्या मजकुरातच २०१ वाला शेवटचा मार्कर लपलेला असेल तर तो आधी काढून टाका, नाहीतर शेलला पेस्ट तिथेच संपली असं वाटतं आणि पुढचं सगळं तो तुम्ही टाइप केलंय असं समजून चालवतो.